माशीला नको असलेली ज्वारी

चोपड्याकडच्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. उडीद काढून त्यांनी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरली. उगवण एकसारखी झाली, पण तीन आठवड्यांत निम्म्याच्या आसपास रोपांचे पोंगे, म्हणजे मधले कोवळे शेंडे, वाळले. बियाण्याचा दुकानदार म्हणतो, पुढच्या वर्षी ‘माशी न लागणारं’ बी देतो. असं बी खरंच असतं का, आणि कपाशीत बीटी आलं तसं ज्वारीत का आलं नाही, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, माझी सगळी नोकरी ज्वारीच्या पैदाशीत, म्हणजे नवे वाण तयार करण्यात, गेली, केसही तिथेच गेले. त्यामुळे उत्तर लांबणार. थेट सांगायचं तर माशी अजिबात लागणार नाही अशी ज्वारी आजवर कोणी काढलेली नाही. कमी लागणारी ज्वारी आहे, आणि ती थोडीफार तुमच्या आजोबांच्या कणगीतही होती.

आधी माशीच आहे का ते बघून घ्या. वाळलेला पोंगा दोन बोटांत धरून ओढा. अलगद हातात आला, बुडाशी कुजलेला असला आणि घाण वास आला तर खोडमाशी. ओढूनही सहज निघत नसेल आणि पानांवर ओळीने भोकं दिसत असतील तर खोडकिडा. आपल्याकडे दोन्हींना ‘पोंगा वाळला’ एवढंच म्हणतात, आणि मग एकावरचं औषध दुसऱ्यावर मारलं जातं. खोडमाशीचा जोर उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात असतो. खोडकिडा रोप जरा मोठं झाल्यावर येतो आणि थेट कणसाच्या दांड्यापर्यंत पाठ सोडत नाही. तुम्ही तीन आठवडे म्हणालात, म्हणजे माशीच असावी. तरी ओढून बघा.

ही माशी घरातल्या माशीपेक्षा लहान, करड्या रंगाची. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला समांतर, एक एक करून पांढरी लांबट अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंडं फुटतं, तेही बहुतेक पहाटे. बाहेर आलेली अळी पानावरून सरकत पोंग्यात उतरते, वाढीचा कोंब कापते आणि मग त्या कुजणाऱ्या भागावर पोसली जाते. अंड्यापासून माशी व्हायला सतरा ते एकवीस दिवस लागतात. म्हणजे खरिपात उशिरा किंवा दुबार पेरलेली ज्वारी शिवारात असली, तर तिच्यावर वाढलेल्या माश्या तुमची दादर उगवायची वाट बघतच बसलेल्या असतात.

या सगळ्यात अळीचा तो पहाटेचा प्रवास, अंड्यापासून कोंबापर्यंतचा, हीच तिच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक वेळ. पान चार बोटांचं, अळी डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी, आणि ऊन चढायच्या आत आत शिरायचं. ज्वारीच्या पैदासकाराने माशीविरुद्ध जे काही मिळवलंय ते बहुतेक सगळं ही वाट अवघड करून मिळवलंय. रोपात विष भरून नव्हे.

वाट अवघड कशी होते? एक म्हणजे लव. ज्वारीच्या पानाच्या खालच्या अंगाला काही वाणांत बारीक काट्यांसारखी लव असते. ती हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. आम्ही पाचव्या पानाचा मधला तुकडा ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात रात्रभर ठेवायचो, हिरवा रंग उतरला की लॅक्टिक आम्लात घालून सूक्ष्मदर्शकाखाली एक एक केस मोजायचो. मान मोडणारं काम. नव्या मुलांना पहिलं वर्ष हेच दिलं जायचं, आणि त्यातले निम्मे बँकेच्या परीक्षांचे अर्ज भरायला लागायचे. पण ज्या वाणात ही लव दाट, तिथे माशी अंडी कमी घालते आणि अळीलाही चालायला अडचण होते, हे पुन्हा पुन्हा दिसलं.

दुसरी गोष्ट ओलावा. पहाटे रोपाच्या पोंग्यात पाण्याचा पातळ थर दिसतो. सगळे त्याला दव समजतात, आम्हीही समजायचो. १९९०च्या दशकात हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम झालं, तेव्हा कळलं की हे पाणी मुख्यतः रोपच आतून पृष्ठभागावर आणतं. बळी पडणाऱ्या वाणांच्या पोंग्यात हा ओलावा जास्त, आणि अळीला पुढे सरकायला तोच लागतो. आयएस १८५५१ नावाचा जो प्रतिकारक वाण जगभर वापरला गेला, त्याच्या पोंग्यात तो फार कमी असतो. कोरड्या पानावर अळी रेंगाळते आणि उन्हात संपते.

तिसरी गोष्ट तुम्हाला घरबसल्या तपासता येईल अशी आहे: पानाची चकाकी. काही वाणांची रोपं पहिल्या तीन-चार आठवड्यांत फिकट, पिवळसर हिरवी असतात. पानं अरुंद, ताठ आणि उन्हात चमकणारी. साध्या रोपाचं पान निळसर झाक असलेलं, मेणाची पूड चोळल्यासारखं दिसतं. सकाळी रोपांवर हातपंपाने पाणी शिंपडा. साध्या पानावरून पाणी घरंगळून जातं. चकाकणाऱ्या पानावर थेंब चिकटून राहतात. बहुतेकांना उलटं वाटतं. चकचकीत पानावरून पाणी पळेल असा आपला अंदाज असतो. पण पाणी पळवते ती मेणाची पूड, आणि चकाकणाऱ्या पानावर तीच कमी असते. महिनाभरात ही चकाकी जाते, नंतर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून परीक्षा घ्यायची ती दहाव्या ते विसाव्या दिवसाच्या दरम्यान.

चौथी म्हणजे रोपाची धाव. जे रोप पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने वाढतं, त्याचा कोंब अळीच्या आटोक्याबाहेर लवकर जातो. थंडी, तण, ओल उडालेली जमीन यांनी रोप रेंगाळलं की चांगला वाणही मार खातो. बियाणं तेच असतं, पण एका बांधावर वाचतं आणि दुसऱ्या बांधावर जातं, त्याचं एक कारण हे.

कॅन्ससच्या रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली किडीला पीक कसं तोंड देतं याच्या तीन तऱ्हा सांगितल्या, आणि अजूनही आम्ही त्याच भाषेत बोलतो. किडीला पीक नको वाटणं ही पहिली. पीक खाऊन किडीचं बिनसणं, म्हणजे तिची वाढ खुंटणं किंवा ती मरणं, ही दुसरी. आणि मार खाऊनही पिकाने उत्पन्न देणं ही तिसरी. खोडमाशीच्या बाबतीत पहिलीचा वाटा मोठा. एका जुन्या शेतकऱ्याला मी हे समजावत होतो, तर तो म्हणाला, “माशीले बी चव समजस.” पेंटर साहेबांच्या पुस्तकाचा एक अध्याय चार शब्दांत.

पण याच ‘नकोसं वाटण्यात’ एक गोम आहे, आणि दुकानदार ती कधी सांगत नाही. माशीसमोर दोन वाण असले तर ती आवडता निवडते. समोर एकच वाण असला तर ती करणार काय? नावडत्यावरही अंडी घालते. प्रयोगाच्या शेतात, जिथे शेजारी नाजूक वाण असतो, तिथे जो फरक डोळ्यांत भरतो, तो पूर्ण गावाने एकच वाण पेरल्यावर तेवढा राहत नाही. सगळाच जात नाही, कारण लव आणि कोरडा पोंगा अळीला अडवतच असतात. पण आमच्या तक्त्यातले आकडे तुमच्या बांधावर तसेच्या तसे उतरतील असं समजू नका.

आता संकरित ज्वारीचं. आजोबांच्या काळी माशी नव्हती का? होतीच. पण स्थानिक वाण शेकडो वर्षं इथल्याच माशीसोबत वाढलेले. रब्बीतली मालदांडी घ्या. मोहोळला १९३०च्या दशकात त्याच स्थानिक ज्वारीतून निवड करून एम ३५-१ काढली. तिची पानं चकाकतात, लवही असते, आणि माशीला ती बऱ्यापैकी तोंड देते. रब्बीत इतके नवे वाण येऊनही ती हटली नाही याला भाकरी आणि कडबा ही कारणं आहेतच, पण रोपं टिकतात हेही आहे.

१९६४ साली सीएसएच १ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पन्नाने लोक हरखले, आणि त्याच वेळी खोडमाशी मोठी कीड म्हणून सगळ्यांच्या तोंडी आली. त्याची मादी अमेरिकेतली. संकरित बी करायला नरवंध्य, म्हणजे स्वतःचे पराग न धरणारी, मादी लागते, आणि ती पद्धत १९५४ मध्ये टेक्सासात बसवली गेली. त्या मुलखात ही माशीच नाही. जी कीड पिकाने पाहिलीच नाही तिच्याशी लढायचे गुण त्यात कुठून येणार? शिवाय लव आणि चकाकी हे दोन्ही गुण मुख्यतः अप्रभावी जनुकांचे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही बाजूंनी मिळाली तरच ते दिसतात. नर कितीही चांगला आणा, मादी नाजूक असली की संकरित रोप नाजूकच. हे लक्षात येऊन मादीच्या वाणांत प्रतिकार घालायचं काम सुरू व्हायला बरीच वर्षं गेली. पुढे असंही दिसलं की ज्या पेशीद्रव्यामुळे (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) मादी वंध्य होते, त्या नेहमीच्या पेशीद्रव्याचे संकर माशीला जास्त आवडतात, आणि ए४एम नावाच्या दुसऱ्या पेशीद्रव्याचे कमी. म्हणजे आपण ज्या युक्तीने उत्पन्न वाढवलं, तिच्यातच थोडी माशी होती.

बीटीचं विचारलंत. कपाशीत २००२ साली जे पहिलं बीटी आलं, त्यातलं क्राय१एसी प्रथिन पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्यात काम करतं. खोडमाशी ही माशी. तिच्या अळीला ते चालत नाही. खोडकिडा मात्र पतंगवर्गातला, म्हणून त्याच्यासाठी आपल्याकडे बीटी ज्वारी करून पाहिली गेली, २००५च्या सुमारास त्याचे निकालही आले. प्रथिन रोपात कमी तयार झालं आणि संरक्षण अर्धवटच मिळालं. आणखी एक अडचण अशी की ज्वारीचं भावकी गवत आपल्या बांधाबांधावर आहे. बरू तुम्ही पाहिलंच असेल. ज्वारीचे पराग त्याच्यावर जाऊ शकतात. तण किडीला दाद देईनासं झालं तर ते निस्तरायचं कोणी?

आणि कपाशीत पुढे काय झालं ते खान्देशात मी सांगायची गरज नाही. २०१७ची गुलाबी बोंडअळी विसरलेला माणूस जळगाव-धुळ्यात सापडायचा नाही. एका जोरदार विषावर सगळा भार टाकला की कीड त्याच्याशी जुळवून घेते. भाताचं उदाहरण त्याच्याही आधीचं. फिलिपिन्समध्ये १९७३ साली तपकिरी तुडतुड्यांना दाद न देणारा आयआर २६ हा वाण आला. एकच जनुक, जोरदार. तीन वर्षांत तुडतुडे त्याच्यावर पोसायला लागले. मग १९७६ मध्ये दुसऱ्या जनुकाचा आयआर ३६ आणावा लागला, गुरदेव खुश या पैदासकाराचा, आणि तो जगभर पसरला. पण काही वर्षांनी त्यालाही तोंड देणारे तुडतुडे आलेच. ज्वारीच्या माशीत असं फटकन काही झालेलं नाही. कारण इथे प्रतिकार तुकड्यातुकड्यांचा आहे: थोडी लव, थोडी चकाकी, थोडा कोरडा पोंगा, थोडी धाव. दिसायला दुबळा, पण एका झटक्यात मोडणारा नाही. माझं मत विचाराल तर मला हा कमकुवत प्रतिकारच जास्त विश्वासाचा वाटतो. माझ्या काही सहकाऱ्यांना हे मत म्हणजे आपलं अपयश झाकणं वाटायचं. असेल थोडं.

तुकड्यांचा प्रतिकार गोळा करायला वेळ किती लागतो ते सांगतो. जगभरच्या ज्वारीचे सुमारे चाळीस हजार नमुने पाटणचेरूच्या जनुकपेढीत आहेत. त्यातले हजारो शेतात पेरून माशीपुढे उभे करायचे. पण माशी काही हजेरी लावून येत नाही. एखाद्या वर्षी ती येतच नाही, आणि सगळे नमुने प्रतिकारक दिसतात. इथे मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय. नवीन असताना पेरणीची धांदल टाळायला मी माझी चाचणी पहिल्याच पावसावर पेरली. रोपं इतकी सुंदर वाचली की मी साठ-सत्तर ओळी ‘प्रतिकारक’ म्हणून निवडून वहीत लाल रेघ ओढली. पुढच्या वर्षी त्याच ओळी उशिरा पेरल्या तर चार सोडून सगळ्या गेल्या. माझी लाल रेघ माशीच्या सुट्टीवर ओढलेली होती. माशीच्या वेळेआधी पीक निसटणं ही शेतकऱ्यासाठी चांगली गोष्ट, पैदासकारासाठी फसवणूक.

म्हणून माशी मुद्दाम बोलवावी लागते. त्याची रीत अशी: चाचणीच्या ओळींच्या मधे नाजूक वाणाच्या ओळी वीस दिवस आधी पेरायच्या, म्हणजे त्यांच्यावर माशीची एक पिढी तयार होते. मग चाचणीची रोपं आठवड्याची झाली की ओळींमध्ये ओलवलेली मासळीची भुकटी टाकायची. वासाने माश्या येतात. नुसत्या माश्याच येतात असं नाही. गावातली कुत्री, मांजरं, एकदा तर मुंगसाचं कुटुंबच आलं. सुकटीची पोती घेऊन एसटीत बसल्यावर कंडक्टरने मला मागच्या टपावर बस असं सांगितलं होतं, आणि ते त्याने गंमतीने सांगितलं नव्हतं. उगवणीनंतर चौदाव्या दिवशी अंडी मोजायची, मग एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी वाळलेले पोंगे. असं दोन-तीन ठिकाणी, दोन-तीन वर्षं. जे टिकतात त्यांचा चांगल्या वाणाशी संकर. मग पिढीमागून पिढी निवड. एका वाणाला आठ-दहा वर्षं सहज जातात.

आणि टिकणाऱ्यांत बहुतेक उंच, उशिरा येणारे, हलक्या कणसाचे. एका प्रतिकारक ओळीचं बी मी एकदा तापीकाठच्या एका ओळखीच्या घरी नेलं. आमच्या तक्त्यात ती ओळ पहिली होती. घरातल्या आजीबाईंनी पीठ मळतानाच सांगितलं, “पिठाले विरीच नही,” म्हणजे चिकटपणाच नाही. थापताना भाकरी कडेने चिरली. दादरची पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटणारी भाकरी खाल्लेल्या घरात ती ओळ तिथेच बाद झाली. माशीने नापास केलेले वाण आम्ही मोजत होतो, चुलीने नापास केलेल्यांची मोजणी कुठेच नव्हती.

रानटी ज्वारीतही मोठा साठा आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत उगवणारी एक रानटी ज्वारी माशीला जवळजवळ लागूच देत नाही. पण तिचा लागवडीच्या ज्वारीशी संकर होत नाही, परागनळी कुक्षीतच अडखळते. वर्षानुवर्षं लोकांनी डोकं आपटलंय. अलीकडे मार्ग निघाला तो वेगळाच: आयएस १८५५१च्या कोणत्या रंगसूत्रावर (गुणसूत्रावर) कोणता गुण बसलाय ते शोधायचं. चकाकीचा मोठा वाटा पाचव्या रंगसूत्रावर, लवेचा दहाव्यावर सापडला. आता रोपाच्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून तो भाग नव्या वाणात आलाय की नाही हे माशीची वाट न बघता कळतं. सुकटीची पोती वाहिलेल्या माणसाला याचा हेवा वाटतो.

बाकी किडींचं थोडक्यात. रब्बीत पानांवर जो चिकटा पडतो तो माव्याचा. त्याच्याविरुद्ध सहाव्या रंगसूत्रावर एक जोरदार जनुक सापडलंय आणि २०१३नंतर अमेरिकेत मावा पसरला तेव्हा त्यानेच तिथली ज्वारी बरीच सावरली. पण ते एकच जनुक आहे, वर लिहिलेलं तुडतुड्यांचं प्रकरण ध्यानात ठेवा. फुलोऱ्यातल्या मिजमाशीत पैदाशीचं काम सगळ्यांत यशस्वी झालं. आखूड, घट्ट तुसांच्या फुलात तिला अंडी घालता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे शेतकरी संकरित बियाण्याच्या पिशवीवर मिजमाशीचे गुण बघून बी घेतात. आपल्याकडेही डीजे ६५१४ सारख्या स्थानिक वाणावरून आयसीएसव्ही ७४५ सारखे वाण निघाले. मक्यावरची लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिला थोडीफार दाद न देणारे संकरित वाण आफ्रिकेत २०२०च्या शेवटी जाहीर झाले, पण तो मका तिकडच्या हवेचा. बाजरीलाही तिची स्वतःची खोडमाशी आहे. धुळ्याच्या केंद्रातून बाजरीचे चांगले संकरित वाण आलेत, मात्र बाजरीत पैदासकारांचा जीव मुख्यतः केवडा या रोगातच अडकलेला राहिला.

आता तुमचा दुकानदार. ‘माशी न लागणारं’ असं त्याने म्हटलं की त्याला वाणाचं नाव विचारा, संकरित आहे की सुधारित ते विचारा, आणि रब्बीसाठी शिफारस आहे का तेही. खरिपाचा संकरित वाण रब्बीत विकण्याचा उद्योग चालतो, त्यात सावध राहा. राहुरीच्या विद्यापीठाच्या रब्बी वाणांत हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम-भारीसाठी फुले सुचित्रा, फुले वसुधा, फुले रेवती अशी नावं आहेत. हे बहुतेक रब्बीच्या स्थानिक ज्वारीच्या भावकीतले, त्यामुळे माशीला बऱ्यापैकी सोशिक. तुमच्या तापीकाठच्या भारी जमिनीत यातला एखादा चार ओळी पेरून दादरशेजारी बघा. सगळं रान एकदम बदलू नका.

वाण कोणताही असो, एवढं करावंच लागतं. बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया करा, मात्रा पिशवीवरच्या सूचनेप्रमाणे. बी थोडं जास्त टाका आणि विरळणी दोनदा करा, दुसऱ्यांदा पोंगे वाळलेली रोपं उपटून बांधावर न टाकता पुरून टाका, कारण आत अळी जिवंत असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आठ-दहा दिवसांच्या आत पेरणी उरकली तर माशी वाटली जाते. शंभरात दहा पोंगे वाळेपर्यंत फवारणीचा पंप काढू नका. आणि अशी माशी लागलेली कोवळी ज्वारी उपटून गुरांना घालू नका, तिच्यात विषाचं प्रमाण जास्त असतं.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मात्र मला जास्त कामाचं वाटलं: निम्मी रोपं गेली. म्हणजे निम्मी वाचली. त्यातली काही नशिबाने वाचली असतील, पण काहींत गुण असेल. तुम्ही घरचं दादरचं बी ठेवत असाल तर हे करून बघा. पुढच्या वर्षी शेताच्या एका कोपऱ्यात चार-पाच ओळी मुद्दाम दोन आठवडे उशिरा पेरा आणि तिथे प्रक्रिया न केलेलं बी वापरा. पंधराव्या दिवशी सकाळी पाणी शिंपडून ज्यांच्या पानावर थेंब टिकतात अशी फिकट, ताठ रोपं बघा आणि त्यांना रंगीत दोरा बांधा. महिन्याने त्यातली जी एकही फुटवा न फोडता सरळ वाढतायत ती ठेवा, बाकीचे दोरे काढून टाका. निसवल्यावर, फुलोरा सुरू व्हायच्या आधी, त्या कणसांवर कागदी पिशवी चढवा. ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागावर बी धरते, पण सगळी नाही, आणि शेजारचे पराग आले की तुमची मेहनत पातळ होते. पन्नासेक कणसं हाती आली तर उत्तम.

एका कणसाचं बी दुसऱ्यात मिसळू नका. पुढच्या वर्षी एका कणसाची एक ओळ, आणि दर दहा ओळींमागे तुमच्या नेहमीच्या दादरची एक ओळ, तीही उशिरा पेरून. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येक ओळीतली एकूण रोपं आणि वाळलेले पोंगे वहीत लिहा. ज्या ओळी शेजारच्या दादरपेक्षा साफ चांगल्या दिसतील त्यांचंच बी पुढे घ्या, आणि त्यातल्या प्रत्येकाची एक एक पायली दळून घरी भाकरी करून बघा. तिसऱ्या वर्षी वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. मी तिथे असतो तर बियाण्याच्या पिशवीआधी तुमची वही मागितली असती.